जंतूला दहीभात

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक हा बाहत्तरच्या दुष्काळात नगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील एका गावी एकूण सतरा दिवस देव होता. सदर देवत्व लेखकाने मागितलेले नव्हते. मात्र मिळाल्यावर त्याने ते नाकारलेही नाही, आणि जे जे ताटात आले ते ते खाल्ले. ही हकीकत त्याने त्या गावाबाहेर आजवर बायकोखेरीज कोणालाही सांगितलेली नाही. बायकोने ती ऐकून 'तरीच' एवढाच शेरा मारलेला आहे.

झालं असं.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. नगरला गल्लीच्या गणेशोत्सवात लागोपाठ पाच वर्षं खलनायक केल्यामुळे आपण जन्मजात नट आहोत अशी माझी पक्की समजूत होती. मी रंगमंचावर आलो की पहिल्या रांगेतली पोरं रडत. ती माझ्या आवाजाने रडतात की डास चावतात म्हणून, याची चौकशी मी कधी केली नाही. तिसऱ्या वर्गात बी.ए. झालो. नागापूरला नवे कारखाने निघत होते, तिथे कुठेतरी चिकटावं असं वडिलांचं म्हणणं. मी मात्र कर्जतकडच्या एका लहानशा दवाखान्यात 'समाज संघटक' म्हणून नोकरी धरली. या पदाचा अर्थ मला ठाऊक नव्हता. वडिलांना वाटलं, कंपाउंडर. आईने शेजारी सांगितलं, जवळजवळ डॉक्टरच.

दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंची रीत जगावेगळी होती. गावात गेल्या गेल्या त्या औषधाची पेटी उघडत नसत. आधी विचारायच्या, तुम्हाला काय हवं? लोक म्हणाले, पाणी. मग बाईंनी महिनाभर टँकरच्या आणि विहिरीच्या गाळाच्या मागे धावाधाव केली आणि एकालाही गोळी दिली नाही. मग लोक म्हणाले, पोरांना खायला. मग पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर पोरांसाठी सुकडीची चूल पेटली. त्यानंतर कुठे बाई म्हणाल्या, आता तुमच्यातलीच एक बाई द्या, तिला मी शिकवते. गावाने एक विधवा मजूरबाई निवडून दिली. शाळेचं दार न पाहिलेली, चाळिशीची, आणि जिभेला धार अशी की तिने कांदा नुसत्या बोलण्यानेही चिरला असता. तिला सगळे मावशी म्हणत. दर शनिवारी ती दवाखान्यात येऊन शिके आणि गावात जाऊन सांगे.

मला बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुम्ही तीन महिने फक्त ऐकायचं. लोकांत बसायचं, चहा दिला तर प्यायचा, आणि ऐकायचं. बोलायचं नाही."

म्हणजे पैलवानाला आखाड्यात नुसतं पाणी शिंपडायला सांगण्यासारखंच. मी मान डोलावली, आणि तेवढाच एक अभिनय त्या वर्षात मला चांगला जमला.

तो तलाव म्हणजे आमची सगळ्यांची कर्मभूमी. शेतात ढेकळांखेरीज काही उरलेलं नव्हतं, त्यामुळे दहा एकरवाला आणि भूमिहीन दोघेही एकाच मुकादमाच्या हाताखाली मुरूम वाहत होते. ऊन असं की घमेल्याची कडा हाताला चटका देई. झाडं म्हणाल तर पाला जनावरांनी खाल्लेला आणि फांद्या चुलीत गेलेल्या. या उजाडपणाचं महत्त्व पुढे मला जातीने कळलं.

मावशी दुपारच्या सुट्टीत बायकांत बसे. महिन्याभरात तिने एक गोष्ट काढून आणली. गावात तान्ही मुलं पाचव्या ते आठव्या दिवसांत जात होती. आधी दूध ओढेनाशी होत, मग तोंड मिटे, मग अंग धनुष्यासारखं ताठ. कुणी आकडी म्हणे, कुणी सटवाईने लिहिलेलंच तेवढं म्हणे. बाईंनी विचारलं, नाळ कशाने कापता? विळ्याने. वर काय लावता? शेण, नाहीतर राख. बाई म्हणाल्या, हा धनुर्वात. यावर सुई आहे. गरोदरपणी महिन्याच्या अंतराने दोन टोचायच्या, आणि नाळ उकळलेल्या नव्या पात्याने कापायची.

आता जिच्यामुळे ही सगळी गोष्ट घडली ती सांगतो. गावातल्या एका आळीची बाळंतपणं एक आजी करी. हाडापेराने मोठी, बोलायला कमी, आणि मुकादमसुद्धा तिला 'आजे, जरा सावलीत बस' म्हणताना टोपी सारखी करी. तिची सून सहाव्या महिन्यात होती. तिची आधीची दोन मुलं गेलेली, एक सहाव्या दिवशी, दुसरं सातव्या. दोन्ही वेळा हात आजीचाच. ही सून कुणाशी बोलत नसे. घमेलं भरलं की उचलायची, रिकामं केलं की परत यायची.

मावशी एकदा मला म्हणाली, "हे तिसरं बी गेलं ना, तर ती बी न्हाई राहायची. बोलत न्हाई, पर मला दिसतंय."

बाईंनी आम्हाला बजावलं, "सुईचा दिवस ठरवण्याआधी आजींशी बोला. त्या काय म्हणतात ते ऐका. घाई नको."

मी म्हणालो, "बाई, नाटक करू. लोकांना पटकन कळेल."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "करा. पण आधी आजींशी बोला."

नाटक लिहायला मला एक रात्र लागली. आजीशी बोलायला वेळ मिळाला नाही.

नाटकात डॉक्टर होता, विळा होता, आणि जंतू होता. जंतू अर्थात मी. डॉक्टरचं काम मुकादमाच्या कारकुनाने हातात कागद धरून वाचलं. त्याला मी मुद्दामच कंटाळवाणी वाक्यं दिली होती, म्हणजे लोकांचं लक्ष विचलित होणार नाही. स्वतःसाठी तव्याची काजळी तेलात कालवून सर्वांगाला फासली, गोणपाटाची शेपूट, ताडपत्रीच्या दोरीच्या जटा, हातात गंजका विळा. मुरुमाच्या ढिगाआडून मी भर दुपारी बारा वाजता आरोळी ठोकत प्रकट झालो:

"गंजल्या विळ्यात माझा वाडा,
शेणाच्या गोळ्यात माझा पाडा,
नाळ कापा नि सांगावा धाडा,
येतो मी सातव्या दिवशी!"

ही कविता माझीच, हे वेगळं सांगायला नको. बायका किंचाळल्या, पोरं आयांच्या पदराआड गेली, एक म्हातारा हातातली चिलीम विसरला. नटाला आणखी काय हवं असतं? मी विळा फिरवत बायकांच्या रांगांमधून नाचलो. आजीसमोर थांबून विळा तिच्या नाकासमोर धरला. तेव्हा तो मला दिग्दर्शनाचा परमोच्च बिंदू वाटला होता. सगळे हसत-किंचाळत होते, फक्त ती सून तेवढी पोटावर हात ठेवून माझ्याकडे टक लावून बघत होती. मी मनात म्हटलं, काय हा माझ्या अभिनयाचा परिणाम.

शेवटी कारकुनाने 'उकळलेलं पातं' म्हणून पुठ्ठ्याचं पातं माझ्या छातीला टेकवलं आणि मी मेलो. पहिल्या प्रयोगात मी बराच वेळ मेलो. दुसऱ्या प्रयोगात त्याहून जास्त. कारकून कंटाळून कागद घडी घालून निघून गेला तरी माझे पाय झाडणं चालूच होतं. आणि मग ती चूक झाली. टाळ्या पडल्या, आणि मी उठलो. उठून, हात जोडून, तिन्ही दिशांना वाकून नमस्कार केला.

नगरच्या गल्लीत याला काही अर्थ नसतो. खलनायक मरतो, उठतो, नमस्कार करतो, भजी खातो. तलावावरच्या माणसांनी मात्र पाहिलं ते सरळ होतं. तान्ही मुलं नेणारा एक काळा कोणीतरी आहे. तो डॉक्टरच्या पात्यानेही मरत नाही, मेला तरी उठतो. आता जो मारून मरत नाही त्याच्याशी कसं वागायचं, हे या मुलखात लहान पोरालाही माहीत आहे. मरीआईशी वागतात तसं. म्हसोबाशी वागतात तसं. त्याचा मान त्याला द्यायचा आणि वेशीबाहेर ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी, सुकडीच्या चुलीमागे मी राहायला ठोकलेल्या कापडी पालाच्या दाराशी गुळाचा खडा आणि खोबऱ्याची वाटी ठेवलेली. मला वाटलं, रसिकांची भेट. खाल्ली. तिसऱ्या दिवशी मिलोच्या पिठाचे दोन गोड दिवे, वर हळदीकुंकू. अमेरिकेहून आलेल्या त्या लाल ज्वारीची भाकरी कुणालाच गिळवत नसे, पण गोडात ती बरी लागते हे मी त्या आठवड्यात शोधून काढलं. मग लिंबू, मग उकडलेली अंडी. एका बाईने पालासमोर पाणी ओतून जमिनीला हात लावून कपाळाला लावला. मी आतून अदबीने मान लववली. मनात विचार असा, की ग्रामीण भागात कलेची जाण शहरापेक्षा जास्त आहे.

त्यांनी मला नाव दिलं होतं धनूबा. हे मला कळायला दहा दिवस लागले. बाकी सगळ्या तलावाला ठाऊक होतं.

अकराव्या दिवशी बाई जीप घेऊन आल्या. सुईचा दिवस. मावशीने गरोदर बायकांची रांग लावली होती. रांगेत सून नव्हती. मावशी तिला आणायला गेली तर आजी आडवी उभी.

"आमाला सुई नगं," आजी म्हणाली. "आमचं मिटलंय त्याच्यासंगं."

"कुणासंगं?" मावशीने विचारलं.

आजीने हनुवटीने माझ्या पालाकडे दाखवलं. "त्यानं घेतलंय आमचं. नारळ, गूळ, समदं. खाल्लंय त्यानं. आता यायचा न्हाई त्यो आमच्यात."

रांगेतल्या आणखी तिघी हळूच रांगेतून बाहेर पडल्या. त्यांचंही मिटलेलं होतं.

बाई माझ्याकडे वळल्या. "काय मिटलंय?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण तोंडात गूळ होता.

गूळ गिळून होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "सहावा महिना संपत आलाय. दोन सुयांमध्ये महिना जावा लागतो. तुम्ही हिशोब करू शकता." आणि जीप गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तोंड घासून धुतलं, इस्त्रीचा सदरा घातला आणि सगळ्यांसमोर मुरुमाच्या ढिगावर उभा राहिलो. म्हणालो, मी देव नाही. मी नगरचा एक साधा पगारी माणूस आहे. ते नाटक होतं. काजळी होती.

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तो चिलीमवाला म्हातारा म्हणाला, "बरूबर हाय. कंचा देव सोताच्या तोंडानं म्हनतो, मी देव हाय म्हनून?"

"अहो बाबा, मी माणूस आहे."

"ते आमाला बी दिसतंय की. घमेलं उचललं तर कंबर धरता. पर अंगात कोन येतंय त्ये तुमाला तरी ठावं हाय का?"

यावर बी.ए.ला काही नव्हतं.

मग मी ठरवलं, खायचंच नाही. त्या दिवशी आलेली खोबऱ्याची वाटी हात न लावता परत नेऊन ठेवली. संध्याकाळी मावशी तावातावाने आली.

"काय केलंत ह्ये? समद्या बाया घाबरल्यात. धनूबानं निवद नाकारला म्हनत्यात. कोपलाय म्हनत्यात. आजी तर जेवली बी न्हाई."

"मग काय करू? खाल्लं तरी पंचाईत, नाही खाल्लं तरी पंचाईत."

"ढिगावर चढायच्या आधी इचारायचं हुतं ते," मावशी म्हणाली.

चार दिवस मी पाल सोडून शाळेच्या ओट्यावर लपलो. पाचव्या दिवशी दुपारी मावशीने हुडकून परत आणलं, तर आजी माझ्या पालाशी उन्हात बसलेली. सकाळपासून बसली होती म्हणे. पुढ्यात काशाची ताटली, त्यात दहीभात, वर लाल मिरची. त्या साली त्या गावात भात म्हणजे काय, हे समजायला त्या साली त्या गावात असावं लागतं. तिने तांदूळ कुणाकडून आणला आणि दही कुठल्या जनावराच्या दुधाचं, देव जाणे. म्हणजे खऱ्या अर्थाने देव, मी नव्हे. एवढी मोठी बाई, जिच्यापुढे मुकादम टोपी सारखी करी, तिने ताटली माझ्यापुढे सरकवली आणि दोन्ही हात जोडले.

"रागावू नगंस," ती मला म्हणाली. अहोजाहो कधीच सुटलं होतं. देवाला कोण अहोजाहो करतं?

माझ्याने नाही म्हणवलं नाही. तिला भिववायचं नव्हतं, हे निम्मं कारण. निम्मं कारण भात. ताटली चाटूनपुसून परत दिली. दही सकाळपासून फाल्गुनाच्या उन्हात होतं.

पुढचा भाग सभ्य भाषेत थोडक्यात सांगतो. पहाटे सुरुवात झाली. उजाडलं तसा तलाव माणसांनी भरला, आणि मी मघाशी ज्याचा उल्लेख केला तो उजाडपणा माझ्या वाट्याला आला. चारी दिशांना मैलभर एक झुडूप नाही, एक बांध नाही, एक आडोसा नाही. तांब्या घेऊन मी धावत सुटे आणि भरावावर रांगेने उभी असलेली सगळी माणसं टिकाव टेकवून बघत.

"धनूबा निघालं," वरून कुणीतरी हाळी देई.

"आता गेल्तं की."

"परत निघालं. आवं देवा, जरा बेतानं."

"तांब्यात पानी तरी घ्या, रिकामाच नेलाय."

चिलीमवाल्या म्हाताऱ्याने त्या दिवशी कामच केलं नाही. तो फक्त मोजत होता. दुपारपर्यंत माझ्या पायांत गोळे आले आणि मी पालात कोसळलो. मावशीने मला गोणपाटावर आडवं केलं, भांड्यात पाणी उकळून गार केलं, त्यात साखर आणि चिमूटभर मीठ घालून चमच्याने माझ्या तोंडात घालायला लागली.

"मावशी, मला कर्जतला न्या," मी म्हणालो. "सलाईन लावावं लागेल."

"गप प्या. बाईंनी शिकीवलंय मला ह्ये. आसवाएवढं खारट पायजे, जास्ती न्हाई."

"मी मरतोय, मावशी."

"ते तुमी लई येळ मरता, मला ठावं हाय."

ती चमचा-चमचा देत राहिली. माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं. नोकरीला लागून चौथा महिना चालू होता, आणि बाईंनी सांगितलेलं काम मी तेव्हा प्रथमच करत होतो. कारण थोड्या वेळाने पालाबाहेर कुणीतरी येऊन बसलं, आणि मला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मेलं का त्ये?" आजीचा आवाज.

"न्हाई. पोट बिघडलंय. तुमच्या दह्यानं."

मग आजी म्हणाली, "माज्या दह्यानं देवाचं पोट बिघडतंय व्हय?"

"देव न्हाई ओ त्यो. हावरं पोरगं हाय नगरचं."

"मला काय दिसत न्हाई का?" आजी म्हणाली. "पह्यल्या दिशीच दिसलं हुतं. शेपटीचं गोनपाट आमच्याच घरचं."

मी गोणपाटावर पडल्या पडल्या डोळे उघडले.

"मग निवद का आनला?" मावशीने हळू विचारलं.

आजी बोलली तेव्हा आवाज एवढा बारीक होता की मला श्वास रोखून ऐकावं लागलं. "त्यानं समद्यांच्या म्होरं इळा धरला माज्या तोंडाशी. दोन नातू माज्या हातानं गेलं म्हनला. मला बोट दावून म्हनला. मग त्यो देव असला तर बरं. त्यानं नेलं म्हनता येतंय. त्यो नसंल तर मीच की गं."

नाटकात मी विळा नाकासमोर कुठे थांबवला होता, ते मला आठवलं. पालाच्या कापडाला एक भोक होतं आणि त्यातून उन्हाचा कवडसा माझ्या पोटावर पडला होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

मावशी म्हणाली, "माजं पह्यलं बी असंच गेलं. नाळ मीच कापली हुती, एकटीच हुते घरात. त्याच इळ्यानं म्या पुढं धा वर्सं जुंधळा कापला. कुनाला ठावं हुतं, आजी? तुमाला न्हवतं, मला न्हवतं. आपल्या आयांना न्हवतं."

"आता ठावं झालं म्हन की."

"व्हय. आता झालं."

"सुनंची नाळ दुसरं कुनी कापनार का मग?"

"दुसरं कोन? तुमीच. पातं मी आनते, उकळायचं तुमी. शेन न्हाई, राख न्हाई, कायबी न्हाई. हात तुमचाच."

लांबून भरावावर घमेल्यांचा आवाज येत होता. मग आजी उठली. गुडघे कडकडल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "सुई कवा टोचायची? दुखती का लई?" जाता जाता पालाचं कापड बाजूला सारून तिने आत डोकावलं. माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मी उठून बसायचा प्रयत्न केला.

"पडून ऱ्हा," ती म्हणाली. "आन हपापून खात जाऊ नगंस."

मावशीने निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी जीप आली. रांगेत सून पहिली होती, तिच्यामागे आजी उभी, आणि ज्यांचं मिटलं होतं त्या तिघीही मुकाट्याने आलेल्या. धनूबाचा अवतार तांब्यात संपला होता. मी बाईंना सगळं सांगितलं, आजी जे बोलली त्यासह. बाईंनी सुयांची पेटी बंद केली. मग म्हणाल्या, "नाटक बंद. उद्यापासून तुम्ही घमेली उचला." शिक्षा म्हणून नव्हे, असं त्या म्हणाल्या. माझ्या कमरेला तो फरक कळला नाही.

घमेलं डोक्यावर असलं की बोलता येत नाही. आजीच्या मागे रांगेत चालता चालता मी बरंच ऐकलं. उलटं मूल हाताने कसं फिरवतात, कुणाच्या वेळी रात्रभर वार पडली नव्हती, बाळंतिणीला पहिल्या दिवशी काय खाऊ घालतात. ती माझ्याशी बोलत नव्हती, पुढच्या बाईशी बोलत होती. मी फक्त मागे होतो. महिन्याने दुसरी सुई झाली. ती दिल्यावर सुनेने दंड चोळला आणि नाटकानंतर पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण प्रेमानेही नाही. आधीच्या दोन वेळचं तिला ठाऊक होतं, सुईचं अजून ठाऊक नव्हतं.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला, कामाच्या वेळेतच, मूल झालं. मुलगा. पातं मावशीने आणलं, आजीने स्वतः चुलीवर मोजून दोन उकळ्या जास्त दिल्या, आणि नाळ कापली. वर काही लावलं नाही. मावशी सांगत होती, की शेणाच्या गोळ्याची सवय असलेला आजीचा हात दोनदा कोपऱ्याकडे गेला आणि दोनदा परत आला.

मग दिवस मोजणं सुरू झालं. बायका पाण्याच्या रांगेत मोजत होत्या, मुकादम हजेरीच्या वहीवर बोट ठेवून मोजत होता. मी त्या घराच्या आळीत गेलो नाही. जंतूने बाळंतिणीच्या दारात जाऊ नये एवढं भान आलं होतं. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती, की काही झालंच तर सगळ्यांना पहिला माझाच चेहरा आठवेल. मावशी रोज सकाळी जाऊन येई. मी विचारायचो, "ओढतंय का?" ती म्हणायची, "वडतंय." पाचव्या दिवशी पाचवी पुजली. पाटावर विळा मांडायची रीत. मावशी म्हणाली, या खेपेला पातं मांडा. आजीने दोन्ही मांडलं, सटवाईला उगाच कशाला दुखवा. सहाव्या दिवशी मावशी म्हणाली, "वडतंय. पर आई झोपत न्हाई. पोराच्या तोंडाकडं बघत बसती रातंदिस." सातव्या दिवशी मावशी कामावर आलीच नाही, आणि त्या दिवशी मी किती घमेली वाहिली ते मला सांगता यायचं नाही.

आठव्या दिवशी सकाळी बाईंची जीप आली. बाई म्हणाल्या, "चला."

"मी?"

"तुम्हीच."

आजी उंबऱ्यापाशी बसून मिलो निवडत होती. आम्हाला बघून तिने मान वर केली नाही, सूप तेवढं थांबवलं. मावशी आतल्या दाराशी भिंतीला टेकून होती. तिचे डोळे लाल होते, आणि त्यावरून काहीच कळत नव्हतं. आतल्या खोलीला जुन्या लुगड्याचा पडदा. पडद्यामागे काहीही आवाज नव्हता. रडण्याचा नाही, बोलण्याचा नाही. बाईंनी चपला काढल्या. मी आजीकडे पाहिलं, आजी सुपाकडे बघत होती. तिच्या शेजारी परातीत एक भाकरी झाकून ठेवलेली, बाळंतिणीची, निवलेली. कुणी ती आत नेली नव्हती.

बाईंनी पडद्याला हात घातला, तेवढ्यात आतून आवाज आला. मी तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता, आणि मावशीचं तोंड बघून वाटलं, तिनेही फारसा ऐकला नसावा. सून होती ती. स्वर चांगला वैतागलेला होता, सासूसमोर, पाव्हण्यांसमोर, कशाचीही भीड न ठेवता:

"आरं सोड की आता, घटकाभर झाली, मला बी भाकर खाऊ दी."